शाळेतली छडी आणि चोपदाराचा दंड

सज्जनहो, साधारण ज्या दिवसांत शाळा उघडतात, त्याच दिवसांत पालख्या निघतात. पुण्यात पालख्यांचा मुक्काम पडतो. माउलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात आणि तुकोबारायांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात विसावते. दिंड्यांतली पुष्कळ माणसे महापालिकेच्या शाळांतून उतरतात. ज्या फरशीवर वारकरी पथारी टाकतो, त्याच फरशीवर आदल्या दिवसापर्यंत पहिली-दुसरीची पोरे बसलेली असतात. भिंतीवर मुळाक्षरे असतात, पाढे असतात, आणि कुठे तरी 'शांतता राखा' असेही लिहिलेले असते. शांतता राखावी हे सर्वांना मान्य. ती राखावी कशी, हाच आजचा विषय.

विषय शाळामास्तरांचा, तो वारकऱ्यांच्या मासिकात कशाला, असे कोणी म्हणेल. कारण असे की प्रश्न मुळात मास्तरकीचा नाहीच, धर्माचा आहे. दुसऱ्याच्या कल्याणासाठी त्याला दुःख द्यावे का? आणि तो दुसरा सहा वर्षांचा, उलट उत्तर देऊ न शकणारा असेल, तर? अहिंसा हे ज्याचे व्रत, त्याने या प्रश्नाला पाठ दाखवून चालायचे नाही. शिवाय आपल्यापैकी कितीतरी जण शिक्षक आहेत, आणि बाकीचे आजे, आज्या, आईबाप आहेत. 'मास्तर, दोन द्या, पण पोराला वळण लावा,' असे शाळेच्या दारात सांगून येणारे आपलेच लोक आहेत.

कायद्यापुरते पाहिले तर प्रश्न निकालात निघाला आहे. २००९ साली बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अंमलात आला. त्याच्या सतराव्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा करणे आणि त्याचा मानसिक छळ करणे, दोन्ही बंद केले. करील त्याच्यावर नोकरीच्या नियमांप्रमाणे कारवाई. परंतु कायद्याने हात आवरतो, मन आवरत नाही. छडी कपाटात गेली आणि तिची जागा जिभेने घेतली, तर काय साधले? म्हणून कायदा सांगतो ते बुद्धीला पटते का, आणि शास्त्र काय म्हणते, हे पाहावे लागते.

आता शास्त्राचे नाव घेतले की लोक लगेच ते प्रसिद्ध सुभाषित पुढे करतात. पाच वर्षे लाड करावेत, दहा वर्षे ताडन करावे आणि सोळावे लागले की पुत्राला मित्रासारखे वागवावे, असा त्याचा आशय. व्याकरण शिकलेला कोणी असेल तर तो महाभाष्य काढतो. पतंजलींनी तेथे एक जुना श्लोक दिला आहे. गुरू मारतात ते अमृताच्या हातांनी, विषाच्या नव्हे. लाडाने दोष वाढतात, ताडनाने गुण वाढतात, असा त्याचा भाव. त्याच महाभाष्यात एक उपाध्याय भेटतात. विद्यार्थ्याने उदात्त स्वर म्हणायच्या जागी अनुदात्त म्हटला की 'भलतेच करतोस' म्हणून ते त्याला चपराक देतात. पतंजली हे लोकांत नेहमी दिसणारे उदाहरण म्हणून सांगतात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही मास्तर चपराक देत होते, यात वाद नाही.

पण शास्त्र एवढेच नाही, बरे का. गौतमाचे धर्मसूत्र उघडा. तेथे मूळ नियम असा की शिष्याला शासन करावे ते न मारता. ते जमलेच नाही, तर बारीक दोरीने किंवा बांबूच्या बारीक चिरफळीने. आणि याखेरीज दुसऱ्या कशाने गुरूने मारले, तर राजाने गुरूला दंड करावा! लक्षात घ्या, शिष्याला नव्हे, गुरूला. आज आपण कायद्याच्या नावाने कुरकुरतो की हल्ली मास्तरांच्या हातात काही राहिले नाही. पण गुरूच्या हाताला सरकारने मर्यादा घालावी ही कल्पना साहेबाकडून आलेली नाही, ती आपल्या सूत्रकारांची आहे. आपस्तंब तर मारण्याचे नावही घेत नाही. धाक दाखवणे, उपास घडवणे, गार पाण्याने स्नान करावयास लावणे आणि डोळ्यांसमोरून दूर करणे, हे दंड तो सांगतो. तेही अपराधाच्या मानाने आणि खोड जाईपर्यंतच. मनूने एके ठिकाणी पुत्राला आणि शिष्याला शिकवणीसाठी मारण्याची मोकळीक दिली आहे, हे खरे. पण त्याच मनूने दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे की प्राण्यांना श्रेयाचे अनुशासन करावयाचे ते अहिंसेनेच करावे, आणि धर्म इच्छिणाऱ्याने वाणी गोड व मृदू वापरावी.

तेव्हा शास्त्राचा कल कोणीकडे? मी असा अर्थ लावतो. मारणे हा विधी कोठेच नाही. जेथे आहे तेथे ती सवलत आहे, आणि सवलत दुर्बलासाठी असते. एकादशीला ज्याला निराहार झेपत नाही त्याला फराळाची मुभा असते. म्हणून फराळ हेच व्रत, असे कोणी म्हणत नाही. 'न मारता जमले नाही तर' असे गौतम म्हणतो. कोणाला जमले नाही? गुरूला. छडी उगारणे हा विद्यार्थ्याच्या अपराधाचा पुरावा नसून गुरूच्या असमर्थतेचा आहे, असे सूत्रकाराने दोन शब्दांत सुचवून ठेवले आहे.

येथे शब्दाकडेही थोडे पाहू. संस्कृतात 'शिक्ष्' या धातूचा अर्थ विद्या घेणे. वेदाच्या सहा अंगांपैकी पहिले अंग शिक्षा, म्हणजे उच्चाराचे शास्त्र. आणि आपल्या मराठीत 'शिक्षा झाली' म्हटले की तुरुंग नाहीतर छडी आठवते! एकाच शब्दाचे हे दोन अर्थ पाहून मला नेहमी वाटते की आपल्या शाळांचा सगळा इतिहास या शब्दात साठला आहे. शिकणे आणि मार खाणे ही आपण एकच गोष्ट करून टाकली. उलट 'शिस्त' हा शब्द पाहा. तो फारसीतून आला. शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे. आणि नेम म्हणजे काय हे वारकऱ्याला सांगावयास नको. वारीचा नेम कोणी छडी मारून लावलेला नसतो. ज्याची नजर पंढरीला लागली त्याचे पाय आपोआप रांगेत पडतात. शिस्त ही पाठीवर नसते, डोळ्यांसमोर असते.

हे नुसते बोलणे नाही. भागवताच्या सातव्या स्कंधात एका शाळेची कथा आहे. ती आपण कीर्तनात सांगतो, पण शाळेची कथा म्हणून कधी ऐकत नाही. हिरण्यकश्यपूने प्रल्हादाला शंड आणि अमर्क या दोघा गुरूंकडे ठेवले. दोघे शुक्राचार्यांचे पुत्र, विद्वान. बापाने पोराला मांडीवर घेऊन विचारले, बाळ, तुला काय चांगले वाटते? पोराने भलतेच उत्तर दिले, श्रीहरीचा आश्रय करावा हे बरे, म्हणाला. गुरू त्याला परत घेऊन गेले. पहिल्याने गोड बोलून विचारून पाहिले की, बाळा, खरे सांग, ही बुद्धी तुला दिली कोणी? पोर आपल्या म्हणण्यावरून हलेना. तेव्हा गुरू कडाडले, अरे, वेत आणा, हा आमची अपकीर्ती करणारा कुलांगार आहे!

सज्जनहो, येथे थांबा. वेत मागवताना गुरूंनी कारण काय दिले? 'हा चुकला' असे नाही. 'याचे अकल्याण होईल' असेही नाही. 'याने आमचे नाव घालवले' हे ते कारण. व्यासांनी मनुष्याच्या मनाचा केवढा ठाव घेतला आहे पाहा! राजा काय म्हणेल, ही धास्ती गुरूंच्या पोटात. आणि ती धास्ती पोराच्या पाठीवर उतरायची. आजही तपासून पाहा. वर्गात गोंगाट चालू असतो तोवर मास्तर एक वेळ सोसतात. मुख्याध्यापक व्हरांड्यातून जाताना दिसले, शेजारच्या वर्गाच्या बाई डोकावल्या, तपासणीला कोणी आले, की लगेच आवाज चढतो. घरातही तेच. पोराने एकट्यात हट्ट केला तर आई समजावते. पाहुण्यांसमोर केला तर थप्पड बसते. गुन्हा एकच, मग शिक्षा दोन का? कारण दुसऱ्या वेळी दुखावला जातो तो आपला अहंकार. अहंकाराने मारलेल्या थपडेला आपण 'वळण' असे नाव देतो.

पुढची कथा याहून गोड आहे. एकदा गुरू आपल्या घरच्या कामाला गेले. वर्ग मोकळा. दैत्यांची पोरे, म्हणजे केवढी दांडगी असतील! त्यांनी प्रल्हादाला खेळायला हाक मारली. तो त्यांच्याशी हसून, गोड शब्दांत बोलू लागला. आणि भागवत सांगते की त्या मुलांनी हातातली खेळणी टाकली आणि त्याच्याभोवती बसून ती त्याच्याकडे एकटक पाहत राहिली. ना वेत, ना दरडावणी, ना गुरूंचा धाक. दोन विद्वान गुरूंना जो वर्ग बसवता आला नाही, तो एका पोराने बसवला. त्याच्याजवळ दोन गोष्टी होत्या. सांगण्यासारखे काही तरी होते, आणि ऐकणाऱ्यावर प्रेम होते. या दोन गोष्टी असल्या की निम्म्याहून अधिक शिस्त न मागता येते. आम्हा कीर्तनकारांना हे रोजचे आहे. समोर पोरे बसतात ती गडबड करणारच. आख्यान रंगले की पोरे गप्प असतात. पोरे चुळबुळू लागली की शहाण्या बुवाने ओळखावे, आपले निरूपण लांबले, आता एक गजर करावा. पोरांवर डोळे वटारून कोणाचे कीर्तन रंगल्याचे मी पाहिलेले नाही.

'पण बुवा,' असे मास्तर म्हणतील, 'कीर्तन दोन तासांचे आणि शाळा वर्षभराची. पाढे काही प्रत्येक वेळी रंगत नसतात.' हे म्हणणे रास्त आहे. तेव्हा याच्या उत्तरासाठी आपण वारीकडे जाऊ.

माउलींच्या सोहळ्यात रथापुढे २७ दिंड्या, मागे कितीतरी. एवढा समुदाय तळावर येतो आणि समाजआरतीच्या वेळी दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. मग चोपदार हातातला दंड वर करतात, आणि एकदम शांतता होते. काठी वर गेली एवढेच; ती कोणाच्या पाठीवर पडत नाही आणि पडेल अशी भीतीही कोणाला नसते. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात सोहळ्याला हे वळण लावले, आणि ते आज लाखांच्या समुदायात टिकले आहे. मारण्याची काठी आणि खूण करण्याची काठी यांत हाच फरक. मारणारी काठी दिसेनाशी झाली की गोंगाट पुन्हा सुरू. खुणेची काठी सर्वांनी मिळून मानलेली असते, म्हणून तिच्यात बळ.

परंतु खरी शिकवण याच्या पुढे आहे. सगळे शांत झाले आणि एखाद्या दिंडीचा टाळ वाजतच राहिला, तर काय करतात? त्या दिंडीला कोणी दरडावत नाही, बाहेर काढत नाही, 'नियम मोडला' म्हणून दंड करत नाही. चोपदार त्या दिंडीकडे जातात आणि विचारतात, काय तक्रार आहे? कारण टाळ वाजत राहिला याचा अर्थच असा की येथे काही गाऱ्हाणे आहे. ते ऐकून घेतात, त्याचा निवाडा होतो, मग टाळ थांबतो. हरवल्या-सापडल्या वस्तूंची घोषणा होते, दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ सांगितली जाते आणि आरती होते.

मास्तरहो, यापेक्षा मोठे शिक्षणशास्त्र मला माहीत नाही. पन्नास पोरे गप्प बसली आणि एकाचा टाळ वाजतच राहिला, तर तो आवाज म्हणजे गाऱ्हाणे समजावे. त्याच्याकडे जावे, विचारावे. कदाचित पोर उपाशी आले असेल. फळ्यावरचे अक्षर त्याला दिसत नसेल, आणि दिसत नाही हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसेल. घरी काल रात्री भांडण झाले असेल. गणित कळत नसेल आणि 'ढ' ठरण्यापेक्षा 'द्वाड' ठरणे त्याला बरे वाटत असेल. किंवा गणित कधीच सुटून गेले असेल आणि पोर रिकामे बसले असेल. पाच रोगांना एकच औषध देणारा वैद्य आपण वेडा म्हणू. पण पाचही पोरांना एकच छडी देणारा मास्तर मात्र कडक शिस्तीचा म्हणून मान मिळवत आला.

आता एका अशा शिक्षेबद्दल सांगतो, जी पुष्कळांना शिक्षाच वाटत नाही. 'जा, वर्गाबाहेर उभा राहा.' यात मार नाही, वळ नाही. आपस्तंबाने मात्र दृष्टीआड करणे हा दंडच मानला, आणि त्याची यादी पाहिली तर तो शेवटी ठेवला. लहान मुलाला भिंतीकडे तोंड करून उभे करणे, वेगळ्या बाकावर बसवणे, चार मुलांदेखत त्याच्या बापाच्या धंद्यावरून किंवा जातीवरून बोलणे, हे सारे त्याच जातीचे. हे वारकऱ्याने हलके समजू नये. दाराबाहेर उभे राहणे म्हणजे काय, हे आपला संप्रदाय जाणतो. चोखोबा कोठे उभे होते? पंढरीच्या देवळाचे दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण करावे लागले, आणि मग ते दार उघडले. हेच गुरुजी मुळात शिक्षक, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातले. वसतिगृहात मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त असत, तेव्हा ते रागावत नसत; स्वतः झाडून काढीत, कपड्यांच्या घड्या घालून ठेवीत. मुलांना आपसूक लाज वाटे आणि खोली आवरलेली राहू लागे. लाज आणणे आणि लाजवणे यांत किती अंतर आहे पाहा! पहिली आतून उगवते आणि माणसाला उभे करते. दुसरी बाहेरून थापली जाते आणि माणसाला खाली दाबते. शाळेचे दार उघडे राहावे म्हणून झटणारा माणूसच देवाचे दार उघडण्यासाठी बसला, हे मला योगायोगाचे वाटत नाही.

आमच्या पुण्यालाही याची आठवण आहे. १८४८ साली बुधवार पेठेत भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. पुढे त्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या मातंग समाजातल्या मुलीने आपल्या लोकांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापला गेला. कोवळ्या वयाची मुलगी, आणि तिने मोठमोठ्या पंडितांना प्रश्न विचारले. जिला उंबऱ्याच्या आत कोणी घेत नव्हते, तिला आत घेऊन बसवल्यावर तिने काय केले, याचा हा दाखला. भ्यालेले पोर पाढे म्हणेल, पण असा निबंध लिहिणार नाही. तोंड दाबून पाठांतर होते, विचार होत नाही. शाळेत आपल्याला दोहोंपैकी काय हवे?

आता पूर्वपक्ष. पहिला असा की, 'आम्ही मार खाल्ला म्हणून तर माणसात आलो.' हे म्हणणारे पुष्कळ भेटतात आणि प्रामाणिकपणे म्हणतात. त्यांना नम्रपणे विचारावेसे वाटते की, ज्या मास्तरांच्या आठवणीने आज तुमचे डोळे ओले होतात, त्यांची छडी आठवते की त्यांनी संध्याकाळी घरी बसवून समजावलेली भूमिती आठवते? माणूस माराने झाला की मार असूनही झाला, हे कसे ठरवणार? आणि मारामुळे जे शाळा सोडून पळाले, ते आज हे वाक्य म्हणायला तुमच्या बैठकीत नाहीत. जिंकलेल्यांचीच साक्ष घेऊन निवाडा करणे हा न्याय नव्हे.

दुसरा पूर्वपक्ष अधिक बळकट आहे. 'एका वर्गात पन्नास-साठ पोरे, वर कागदपत्रांचा भार, त्यात आईबाप भांडायला तयार. प्रत्येकाचे गाऱ्हाणे ऐकायला आम्ही काय चोपदार आहोत?' हे दुःख खरे आहे आणि त्याची थट्टा करू नये. जो कायदा छडी काढून घेतो, तोच कायदा पहिली ते पाचवीला साठ मुलांमागे दोन शिक्षक द्या, म्हणजे तीसाला एक द्या, असेही सांगतो. एक हात बांधावयाचा आणि दुसऱ्यावर दुप्पट ओझे टाकावयाचे, हा शिक्षकावर अन्याय. छडी नको म्हणणाऱ्या समाजाने मास्तर पुरे आहेत का, हेही विचारले पाहिजे. परंतु ओझे जड आहे म्हणून ते पोराच्या पाठीवर टाकता येत नाही. बैलगाडीत माल जास्त झाला, तर चुकी मालकाची. वासराला चाबूक मारून काय होणार?

तिसरा पूर्वपक्ष लाडाचा. 'मारायचे नाही तर मग पोरे डोक्यावर बसणार.' नाही हो. न मारणे म्हणजे सोडून देणे नव्हे. माउलींनी तेराव्या अध्यायात अहिंसा सांगताना त्या पुरुषाचे चालणे, पाहणे, बोलणे आणि हातांचे वागणे वेगवेगळे वर्णिले आहे. त्याचे हात खेळातले कमळही फेकायला धजत नाहीत, ते गोफणीसारखे होईल म्हणतात. आणि तेच हात भ्यालेल्याला अभय द्यायला, दुखणाऱ्याला कुरवाळायला पुढे होतात. म्हणजे अहिंसा हा हातांचा आळस नव्हे, उद्योग आहे. ज्याला मारायचे नाही त्याला दुप्पट काम आहे. पहिल्या दिवशी नियम थोडे करावेत, पण मुलांना समजतील असे करावेत, आणि जे केले ते रोज पाळावेत. आज हसून सोडले आणि उद्या त्याच गोष्टीला रागावले, तर पोर नियम शिकत नाही, मास्तरांचा चेहरा वाचायला शिकते. आवाज चढलेल्या वर्गात आपला आवाज उतरवावा, म्हणजे ऐकण्यासाठी पोरे गप्प होतात. चळवळ्या पोराला काम द्यावे. खडू वाटू दे, तांब्या भरू दे. आम्ही कीर्तनात असे पोर दिसले की त्याच्या हाती टाळ देतो. ज्याचे हात स्वस्थ बसत नाहीत तेच पोर ठेका धरण्यात पुढे असते. पाणी सांडले तर फडके त्याच्याच हाती द्यावे. ही शिक्षा नव्हे, केल्या कर्माची निस्तरणी होय. दुसऱ्याला मारले असेल तर दोघांना जवळ घेऊन, ज्याला लागले त्याचे पहिल्याने ऐकावे. बोलणी द्यावयाची ती एकट्यात, शाबासकी द्यावयाची ती चारचौघांत. आणि काही झाले तरी पोर दुसऱ्या दिवशी वर्गात येईल तेव्हा कालचा हिशेब काढू नये.

हे सारे शहरातल्या शहाण्या मुलांनाच लागू, असे समजू नका. ताराबाई मोडक यांनी रोममध्ये १९०७ साली माँटेसोरीबाईंनी काढलेल्या बालगृहाचा विचार अभ्यासला, भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केले, आणि १९४५ साली बोर्डीला, पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी तो राबवला. त्यांच्याबरोबर आयुष्य वेचणाऱ्या अनुताई वाघ या आपल्या पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या. पुण्यात हुजूरपागेत शिकवून मग तिकडे गेल्या. पोरे शाळेत येत ना, कारण गुरे राखायची, धाकट्या भावंडांना सांभाळायचे. त्यांना हजेरीपटात 'गैरहजर' लिहून मोकळे होता आले असते. पण या बायांनी शाळाच उचलली आणि त्यांच्या अंगणात नेली, गुरांमागे कुरणात नेली. पोराचा टाळ का वाजतो आहे ते जाऊन विचारले, ते हे असे. त्या अंगणवाडीचे नाव पुढे देशभर झाले.

आता शेवटी आपल्या घरातले. मुलांना भजन, पखवाज, कीर्तन शिकवणाऱ्या संस्था आपल्या संप्रदायात पुष्कळ आहेत, आणि आईबाप मोठ्या विश्वासाने लहान मुले तेथे ठेवतात. जे शाळेला लागू तेच तेथे अधिकच लागू. शाळेतले पोर संध्याकाळी घरी जाऊन आईला सांगू शकते; तेथल्या पोराची आई दूर असते. गळ्यात तुळशीची माळ आणि हातात छडी, हे जोडकाम विठोबाला आवडेल असे मला वाटत नाही. तो स्वतः कसा उभा आहे पाहा. दोन्ही हात कमरेवर. त्याने हात उगारलेला नाही, शस्त्र धरलेले नाही. आणि तरीही अठ्ठावीस युगे भक्तांची रांग त्याच्यापुढे लागलेली आहे, असे आपण मानतो.

तेव्हा शिक्षकांना विनंती एवढीच की हात उठण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा, हे पोराच्या हितासाठी की माझ्या रागासाठी? उत्तर खरे आले तर बहुतेक वेळा हात आपोआप खाली येईल. आणि आईबापांना विनंती की शाळेच्या दारात 'दोन द्या' असे सांगू नका. 'हा असा का वागतो, आपण दोघे मिळून पाहू,' असे सांगा. पोराला दुसऱ्याच्या हवाली करताना त्याचे अंग तुम्ही दान दिलेले नाही, ते तुमचे नव्हतेच. ज्याचे आहे त्याची ठेव म्हणून ते सांभाळावयाचे आहे.

रामकृष्णहरि.